काढून टाकलेली पाहुणी

दिवा राहू दे नाहीतर विझव, मला काही फरक पडत नाही. ही गोष्ट उजेडातच घडलेली आहे. आणि तू गं, तुला पुस्तक लिहायचंय ना? मग अशी समोर ये आणि तो मोबाइल ठेव खाली. हळू बोलतो, कारण तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीच्या घरातलं आहे आणि काकूला हा विषय काढलेला खपत नाही.

माझा साडू, म्हणजे त्या धाकटीचा नवरा, कादंबऱ्या लिहितो हे तुम्हाला ठाऊकच आहे. साडू लेखक असला की डोक्याला ताप असतो. त्याच्यासमोर शिंकायची सोय नाही. माझं खोकणं त्यानं तिसऱ्या पुस्तकात एका फौजदाराला देऊन टाकलं. वर मला म्हणतो कसा, वाचा, तुम्ही फार छान उतरलाय. बायकोचं तर काही शिल्लक ठेवलं नव्हतं पठ्ठ्यानं. तिचं लहानपण, तिचं भांडण, तिचं रुसून गच्चीत जाऊन बसणं, सगळं पुस्तकात. मी एकदा विचारलं, "अरे, तू मनानं काही करतोस की नाही?" तर हसला. म्हणाला, "मनात काही नसतंच हो. सगळं समोर असतं. उचलायचं."

पुस्तक अंगात आलं की हा माणूस एका जागी टिकायचा नाही. घरभर येरझाऱ्या. जेवता जेवता उठायचा, ताट तसंच. आणि त्याची एक रीत होती, ती ऐक, तुझ्या कामाची आहे. माणूस दार कसं वाजवतो ते कळल्याशिवाय तो त्याच्यावर एक ओळ लिहीत नसे. स्वतः बाहेर जायचा, दार ओढून घ्यायचा आणि त्या माणसासारखं वाजवायचा. आतून माझी मेव्हणी विचारायची, "कोण?" हा बोलायचा नाही, फक्त पुन्हा वाजवायचा. वसुलीला आलेला वेगळा वाजवतो, माफी मागायला आलेला वेगळा. तिला पटलं तर ती दार उघडायची, की तो माणूस पुस्तकात शिरला. नाही पटलं तर आतूनच ओरडायची, "हा खोटा आहे हो! जा परत." शेजारीपाजारी म्हणायचे, ही बाई नवऱ्याला रोज घराबाहेर काढते. हसा, हसा. मीही हसायचो.

तर चार वर्षांपूर्वी त्याचं एक जाडजूड पुस्तक चाललं होतं. त्यात एक बाई होती. रात्री आपलं घर सोडून निघालेली, मागे लहान मुलीला झोपलेली ठेवून. ती पुस्तकातल्या नायकाच्या दाराशी येते आणि म्हणते, एक रात्र राहू द्या. हिला नाव दिलं नव्हतं त्यानं. घरात तिला "पाहुणी" म्हणायचे. तिचं दार वाजवणं असं होतं, बघा… टक टक. मग थांबणं. मग नखानं एकदाच… टिक. मेव्हणी मला म्हणाली, "भावजी, अंगावर काटा आला. हिला दुसरं दारच नाही हे कळलं मला. लगेच उघडलं."

पुस्तक पुरं झालं. संपादकानं वाचलं आणि सांगितलं, सगळं उत्तम आहे, पण या बाईनं गोष्ट अडून राहते, हिला काढा. साडूला आधी राग आला, मग पटलं. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार होता. त्या संध्याकाळी त्यानं कॉम्प्युटरवर पाहुणीची सगळी पानं निळी केली आणि एक बटण दाबून उडवली. मेव्हणी मागे उभी होती. म्हणाली, "अहो, मी दार उघडलंय तिला. अशी काय हाकलताय? निदान कुठं जाते एवढं तरी लिहा."

"पुस्तकातच नाही, तर जाणार कुठं?" असं म्हणून हा उठला. संपादक पहाटेच परगावी निघणार होते आणि त्यांना कागदावरच वाचायची सवय, म्हणून छापलेला गठ्ठा त्याच रात्री पोचवायचा होता. जेवण उरकून निघाला. घरात मेव्हणी आणि त्यांची सहा वर्षांची पोर. पोरीच्या अंगात ताप होता, नुकती झोपली होती. दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप. बायको घरात म्हणून यानं किल्ली घेतली नाही.

गठ्ठा दिला, चहा घेतला, चालत परत आला. दहा वाजून गेले होते. अमावास्याबिमावास्या काही नव्हती, उगाच सांगणार नाही. चांगलं अर्धं चांदणं होतं. जिन्यातला दिवाही लख्ख चालू. दुसऱ्या मजल्यावर आला आणि दार वाजवलं.

कुणी आलं नाही.

पुन्हा वाजवलं. पोर उठेल म्हणून जरा हळूच.

तर आतून कुणीतरी दार वाजवलं.

हो, आतून. टक टक. मग थांबणं. मग… टिक.

याला हसू आलं. वाटलं, बायको चिडलीय, आपलाच खेळ आपल्यावर उलटवतेय. म्हणून यानंही तिच्या आवाजात विचारलं, "कोण?"

पुन्हा तेच. टक टक. टिक.

"बरं बाई, चुकलो. उघड आता, पाय दुखतायत."

तेवढ्यात खालून जिन्यावर पावलं वाजली, आणि मेव्हणीचा आवाज आला, "अहो, कुणाशी बोलताय?"

हा वळला. ती खालून वर येत होती. हातात औषधाची बाटली, बोटात किल्ली. घरातली बाटली सांडली म्हणून पोरीला झोपवून, दार ओढून, कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. जाऊन यायला असा किती वेळ लागणार.

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. आणि दार पुन्हा वाजलं.

मेव्हणी पुढं झाली. त्याला बाजूला ढकललं, किल्ली लावली, फिरवली. कुलूप उघडलं. दार उघडेना. वरची कडी आतून लागलेली होती. ती कडी, पोरांनो, पोरीच्या हाताला खुर्चीवर चढूनसुद्धा पोचत नव्हती.

"पिल्लू!" तिनं दार बडवायला सुरुवात केली. "पिल्लू, ऊठ बाळा! आई आहे!"

आत पावलं. छोटी. अनवाणी. दारापर्यंत आली.

"आई…" झोपेतला आवाज. "आई, ही कोण आहे?"

मेव्हणीनं दाराला कान लावला.

"आई… ही म्हणते, चल."

समोरचं घर बंद होतं. खाली जाऊन माणसं आणायची तर तेवढ्यात आत काय होईल सांगता येत नव्हतं. तिनं नवऱ्याच्या सदऱ्याला धरलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, कधी अहोशिवाय बोलली नव्हती. त्या रात्री म्हणाली, "तू काढलीस ना तिला? मग तूच सांग तिला, कुठं जायचं ते. सांग!"

साडू दारासमोर फरशीवर बसला. कपाळ दाराला लावलं. रात्ररात्र पानंच्या पानं लिहिणारा माणूस तो. आणि सुचलं ते एवढंच.

"तू… तू भावाकडे गेलीस," तो म्हणाला. "भावानं घरात घेतलं. सुखानं राहिलीस."

टक टक. टिक.

"खोटं आहे," मेव्हणी म्हणाली. "मलासुद्धा कळतंय. तिची मुलगी कुठं आहे? तिला मुलगी हवीय रे! म्हणून तर आपलीला चल म्हणतेय!"

आणि इथं तो अडला. कारण मुलगी त्यानं लिहिलीच नव्हती. पाहुणीच्या दुःखाला कारण हवं म्हणून एक वाक्य टाकलं होतं, "मागे लहान मुलगी होती." बस. तिला चेहरा नाही, आवाज नाही. तिचं दार वाजवणंसुद्धा नाही. बाईला घर सोडायला लावलं आणि परत जायला मूलच ठेवलं नाही.

आत पोर रडायला लागली होती. हळू. मग तेही थांबलं.

"सांगतो!" हा ओरडला. "तुझी मुलगी आहे! सहा वर्षांची आहे… उजव्या गालावर तिच्या तीळ आहे, आणि…"

मेव्हणीनं त्याच्या तोंडावर हात दाबला. इतक्या जोरात, की त्याचं डोकं भिंतीला आपटलं.

"आपली देऊ नकोस!"

त्याला तेव्हा कळलं, आपण काय करत होतो ते. सवयच ती. समोर असेल ते उचलायचं. जिभेवर आपलीच पोर आली होती. तिच्या गालावरचा तीळ तर बोलून झाला होता, मागून दोन वेण्या आल्या होत्या, पडलेला दात आला होता, सगळं ओळीनं यायला लागलं होतं.

तिनं हात काढला. "दुसरी कर," म्हणाली. "आपल्यातली कुणी नको. माझी बहीण नको, तुझी नको, शेजारची नको. नवीन कर."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला कोरं करकरीत माणूस करायचं होतं. दाराच्या त्या बाजूला पोर. या बाजूला हा. काही आठवायचं नाही, हीच अट. तोंड उघडायचा, बायकोकडे बघायचा. ती मान हलवायची, नको, ही माझ्या मामेबहिणीसारखी होतेय. हा गिळायचा. पुन्हा पहिल्यापासून.

"डावखुरी आहे," तो म्हणाला.

मेव्हणीनं विचार केला. मान डोलावली. आपल्यात कुणी नाही.

"तिला र म्हणता येत नाही. ल म्हणते."

कुणी नाही.

"चपला… उलट्या पायात घालते. सांगितलं तरी. चालताना आवाज येतो त्यांचा. ती घरात नाहीये आता. तुला शोधायला बाहेर पडली. आपल्या गल्लीच्या टोकाला आलीय, दिव्याखाली बसलीय. तू यायच्या आधी वीसपर्यंत मोजायचं ठरवलंय तिनं. पण तिला एकोणीसपर्यंतच येतं. विसावं येत नाही, म्हणून पुन्हा एकपासून सुरू करते. तिला वाटतंय, आपण चुकतोय म्हणून आई येत नाही…"

बोलता बोलता त्यालाच रडू आलं. मला सांगताना म्हणाला, "साडूभाऊ, इतकी पुस्तकं लिहिली, पण तशी पोर मी कधीच केली नव्हती. मला ती दिसली हो."

आत शांत.

शांत.

मग कडी सरकली. अगदी सावकाश… आवाज न करता काढायची असावी तशी. दार आपणहून वीतभर उघडलं.

दोघांच्या मधून काहीतरी गेलं. वारा नव्हता. मेव्हणीचे केससुद्धा हलले नाहीत. पण दोघंही एकाच क्षणी भिंतीला टेकले, कुणाला वाट द्यावी तसे. जिन्यावर पावलं वाजली. आधी चालत… मग पळत.

आणि खालून, गल्लीच्या टोकाकडून, एका पोरीचा आवाज आला. बारीक, दमलेला.

"अकला… बाला… तेला…"

मग मोजणं थांबलं.

पुढचं काही ऐकायला ही दोघं थांबलीच नाहीत. आत धावली. पोर पलंगावर गाढ झोपलेली. पांघरूण नीट गळ्यापर्यंत ओढलेलं. अंग गार, ताप उतरलेला. आईनं तिला उठवलं नाही, कुशीत घेऊन सकाळपर्यंत बसून राहिली. हा खिडकी ते दार, दार ते खिडकी करत राहिला. गल्लीच्या टोकाला दिवा चालू होता. खाली कुणी नव्हतं.

काय गं, काय झालं? हो, हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. साडूनं एकदा आणि मेव्हणीनं एकदा, वेगवेगळं. दोघांचं अक्षर न् अक्षर जुळलं. त्या नवराबायकोचं एरवी भाजीत मीठ किती यावरसुद्धा एकमत होत नाही, म्हणून माझा विश्वास बसला. पुस्तक पुढं छापून आलं, लोकांना आवडलंही. पाहुणी नाही त्यात. त्याबद्दल आता तो बोलत नाही.

पण सकाळचं राहिलं सांगायचं.

पोर उठली. छान खेळकर, भूक लागली म्हणाली. रात्रीचं तिला काही आठवत नव्हतं. मेव्हणीनं तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसायला घेतलं. साडू चहाचा कप घेऊन आला तरी ती पुसतच होती. उजवा गाल. पोर कुरकुरायला लागली, गाल लाल झाला, तरी हिचा हात थांबेना.

"अगं, बास की," हा म्हणाला. "किती पुसशील?"

तिनं वर बघितलं नाही.

"पुसत नाहीये," म्हणाली. "शोधतेय…"