मेंदीखालचा निरोप

नांदुऱ्याच्या स्टँडवर मलकापूरची एसटी लागली, अन् चढता चढता कुणाच्या तरी खांद्यावरचं ठिबकच्या नळीचं वेटोळं सुटून माझ्या पायात पडलं.

"सॉरी मॅडम." नळीचा मालक माझ्याच शेजारी बसला, त्यानं माझ्या मेंदीच्या हाताकडं पाहिलं – अन् हसून विचारलं, "लग्न कधी हाय?"

असा भेटला शिवम. मलकापुरात ठिबकचं दुकान, डोळे नुकत्याच भिजलेल्या काळ्या मातीचे, अन् अक्कल... असो.

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. काय सांगणार? उजव्या हाताच्या पाठीवर कोडाचा डाग आहे, म्हणून आई दर रविवारी त्यावर गच्च मेंदी काढते, असं? दोन स्थळं त्या डागावरून परत गेलेली. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी मी, घरी मुकाट हात पुढं करते.

पण हा रोजच भेटू लागला. माझ्यासाठी जागा धरायचा, भुईमुगाच्या शेंगा सोलून ओंजळीत टाकायचा – अन् मेंदी ताजी दिसली की जरा सरकून बसायचा. मला तो आवडू लागला होता, अन् हा माझ्या नसलेल्या नवऱ्याचा मान राखत होता!

"नवरदेव काय करते जी?"

"काऊन विचारता सारखं सारखं?"

"आहेर घ्यायचा हाय ना. मिक्सर घेऊ का कुकर?"

माझं डोकंच फिरलं. "लग्नबिग्न काही नाही! कोड हाय मले. हे पाहा, मेंदीखाली!"

पुढच्या सीटवरच्या बाईनं मान वळवली. शिवम आता उठेल, दुसरी जागा पाहील... घाबरले, की मी शिकवायलाच लागते.

"हात लावल्यानं होत नाही हे. अंगातल्या राखणदार पेशी एक निरोप धाडतात, इंटरफेरॉन नावाचा. तो कातडीच्या पेशीच्या दारात येतो, पण आत जात नाही. दारामागं जॅक नावाचे रेणू बसलेले असतात. ते जागे होतात, अन् स्टॅट नावाच्या प्रथिनांना फॉस्फेटचा टिळा लावतात. टिळा लागलेले दोन स्टॅट एकमेकांना धरून थेट केंद्रकात जातात, अन् तिथून हुकूम सुटतो – अजून राखणदार बोलवा! ते येतात, अन् रंग बनवणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून मारतात."

"अन् एकटाच स्टॅट आत गेला तर?"

"एकट्याचं काम होत नाही. जोडी लागते."

"माह्या अंगात बी असतीन हे?"

"असतात ना! तुम्हाले ताप आला की हाच निरोप कामी येते. माझ्यात तो थांबत नाही, इतकंच. जॅकला अडवणारं मलम लावते मी. रंग येईल... नाही तर नाही येणार."

तो विचारात पडला. मी वाट पाहिली. कपाशीची शेतं मागं गेली, पेट्रोलपंप गेला, माझं गाव वडनेर भोलजी आलं, तरी हा विचारातच! मी वैतागून उठले.

"एवढं सांगितलं, त्यातलं काय समजलं?"

"लग्न ठरलं नाही, हे."

"शिवम!"

"बाकीचं बी समजलं जी. पण आधी हे." असं म्हणत तो माझ्यापुढंच खाली उतरला.

"अहो, मलकापूर पुढं हाय!"

"हाव. तुमच्या बाबाले भेटून जातो."

"बाबाले काय सांगसान?"

"सांगतो की... मले..." त्याचे कान लाल झाले. "तुमी सांगा ना. तुमाले शिकवता येते."

"मी सांगू? माझ्याच बाबाले?" इतका राग आला, इतका गोड राग, की पायरीवर उभ्या उभ्या डोळे भरले. "एक वाक्य बोलता येत नाही का तुम्हाले?"

"आवडता तुमी," तो जमिनीकडं पाहत म्हणाला. "लय आवडता. कवाचं सांगायचं होतं, पण तुमच्या नवरदेवाले घाबरत होतो."

"मॅडम, उतरता का घेऊ पुढं?" कंडक्टर ओरडला.

शिवमनं हात पुढं केला. मी सवयीनं डावा हात दिला.

"तो नाही," तो म्हणाला. "उजवा द्या."