पहिलं तळण

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. औसा रोडवरच्या बेकरीत मी काउंटर सांभाळायची. एका सकाळी मागच्या दारानं एक उंच, सावळा माणूस दोन्ही हातांत पाण्याचे जार घेऊन आत आला आणि मी त्याला फैलावर घेतलं.

"काल कुठं होतात? वता त्या पिंपात. आन् सांडू नका हां, थेंब सांडला तर बघा."

तो निमूटपणे ओतायला लागला. मान वाकडी करून, जपून... थेंबही न सांडता. मग जार खाली ठेवून म्हणाला, "अजून काही काम हाय का, मॅडम? न्हाईतर मी डोनट करायला आलतो. जार दारात पडले होते म्हणून उचलले."

हैदराबादहून येणारा नवा आचारी तो हाच. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. त्या वर्षी धरणीला भेगा तर जागोजाग पडल्या होत्या, पण माझ्यापुरती जागा काही सापडेना.

डोनटची कल्पना आमचे मालक हणमंतराव यांची. ताटवाट्या विसळायला पाणी नाही म्हणून अर्ध्या खाणावळींना कुलूप लागलेलं. कागदात देता येईल, भांडं लागणार नाही, असं काहीतरी विकावं म्हणून त्यांनी दारावर फलक लावला - 'जगभरातले डोनट'. तो नवा आचारी, सुगत मुनेश्वर, दुधात मैदा मळायचा आणि रोज एखादा नवा देश तळायचा. जर्मनीचा गोल, पोटात जॅम भरलेला. फ्रान्सचा चौकोनी, पिठीसाखरेत लोळवलेला. दक्षिण आफ्रिकेचा तर चक्क वेणी घातलेला.

"गाव कोणतं?" मी एकदा विचारलं.

"किनवट. नांदेड जिल्हा. पर आमचा वेगळा जिल्हा होणार हाय."

"आमचं उदगीरबी होणार हाय. मी लहान होते तवापासून होतंय."

"मंग आपण दोघंबी न झालेल्या जिल्ह्यातले," तो म्हणाला आणि हसला. बरा हसायचा. मी उगाच बरण्या पुसायला लागले.

रोज तो पहिला डोनट माझ्यासमोर ठेवायचा. "चाखून बघा. गिऱ्हाइकाला काय सांगाल?"

"वासावरून कळतंय मला," मी म्हणायची आणि गिऱ्हाइकांना बिनधास्त थापा मारायची. एकदा जर्मनीच्या डोनटात खवा आहे असं मी छातीठोक सांगितलं. त्या बाईंनी घास घेतला, जॅम त्यांच्या साडीवर सांडला, आणि माझं बिंग फुटलं.

"तुम्ही एकबी खाल्ला न्हाई," दुपारी सामसूम झाल्यावर सुगत म्हणाला. "माझ्या हातचं चालत न्हाई का?"

त्याचा आवाज इतका सपाट होता की तो हे काही पहिल्यांदा विचारत नाही, हे मला कळलं. म्हणून मी खरं सांगून टाकलं.

मागच्या उन्हाळ्यात आड खोल करायला म्हणून माझा भाऊ सिद्धलिंग आत उतरला. वरून दरड कोसळली. आमच्याकडे दुःखाच्या घरात चुलीवर कढई चढत नाही. सोयऱ्यानं येऊन पहिलं तळण काढायचं, मग दुःख उतरतं. तोवर घरातलं कुणी तळलेलं, गोडधोड तोंडात घालत नाही. हे तळण काढायचं ते माझ्या मामानं. तो बिदरला. दर वेळी फोनवर म्हणायचा, पाऊस पडू दे, येतो. ज्या गावात तोंड धुवायला पाणी नाही तिथं पाहुणा येतो कशाला? वर्ष होत आलं. अव्वा, म्हणजे माझी आई, कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खायची आणि दाराकडे बघत बसायची.

दुसऱ्या दिवशी सुगतनं वाटीत लहान लहान गोळे आणून ठेवले, पाकात भिजलेले.

"हा कुठला देश?"

"तुर्कस्तान. लोकमा म्हणतेत."

"आपल्या गुलगुल्यावानी दिसून राहिलाय." त्याची बोली माझ्या तोंडात कधी आली, कोण जाणे.

"तिथं..." तो अडखळला. "तिथं घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं हे तळतेत. आन् रस्त्यानं जाईल त्याला देतेत. कोण, कुठला, काही न इचारता. तुमच्या भावाच्या नावानं केलेत मी. न्हाई खाल्ले तरी चालतंय."

मी खाल्ला. वर्षभर कोरडं पडलेलं तोंड पाकानं भरलं आणि मला रडू फुटलं. नाक वाहतंय, हनुवटीवर पाक, समोर फलकावर सगळं जग... अशा अवतारात मी त्याच्या प्रेमात पडले. त्यानं फक्त आपला धुतलेला रुमाल पुढे केला. त्या दिवसांत धुतलेला रुमाल म्हणजे चैनच होती.

मग काही दिवस बरे गेले. कागद देताना बोटाला बोट लागायचं आणि आम्ही दोघंही ते न कळल्यासारखं करायचो. एक दिवस कढईत बघत तो म्हणाला, "तुमच्या घरचं पहिलं तळण... मी काढू का?"

"सोयराच लागतो."

"सोयरा व्हायला काय लागतं?"

"जात," मी म्हणाले. मी लिंगायत, तो बौद्ध. खोटं कशाला बोलू?

"ती आमच्या आज्यानं छप्पन साली टाकली," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

रविवारी आम्ही उदगीरची गाडी धरली. त्याच्या खांद्यावर जार, माझ्या पिशवीत तेल आणि मैदा. गावात शिरताच दारादारांतून माना बाहेर आल्या. अप्पा, माझे वडील, ओट्यावर बसले होते.

"पावणे कुणापैकी?"

"बौद्ध आहो जी आम्ही. सुगत मुनेश्वर. तुमचं तळण काढायला आलो. आन् कांताला मागायला."

अप्पांचा चेहरा दगडासारखा झाला. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. तेवढ्यात आतून अव्वाचा आवाज आला, "किनवटला पाणी हाय का?"

माझा अंगठा मातीत तसाच थांबला. मुलगी बघायला येणाऱ्यांना त्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांत आधी हेच विचारायचे.

"पैनगंगा हाय," सुगत म्हणाला. "औंदा नुसते डोह राहिलेत. पर प्यायला पुरतंय."

"खोटं बोलंना ह्यो," अव्वा म्हणाली, आणि तिनं फळीवरची कढई खाली काढली. धुण्यात पाणी घालवायचं नाही म्हणून राखेनं पुसली. सुगतनं लोकमा तळले. चर्र आवाज झाला तसं अव्वानं डोळे मिटून घेतले. पहिला तिनं खाल्ला, मग मी.

अप्पा उठून आत आले. त्यांनी खाल्लं नाही. जाराकडे न बघता त्यांनी घरच्या रांजणात तांब्या बुडवला, तळाला खरवडल्याचा आवाज आला, आणि तो तांब्या त्यांनी सुगतच्या हातात दिला.

"पी. पोरगी घेऊन जा," ते म्हणाले. "तू माणूस चांगला हाईस. पर मला ह्याच गावात मरायचंय, आन् खांदा द्यायला गावच लागतंय. परत येऊ नका."

"अप्पा..." मी म्हणाले. ते ओट्यावर गेले आणि पाठ करून बसले.

अव्वानं माझी ओटी भरली. मूठभर ज्वारी होती, तीच. पहिलं तळण झालं की घरच्या बाईनं एक वाक्य म्हणायचं असतं, त्याशिवाय दुःख उतरत नाही. तिनं माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजपासून ह्या घरात दुःख न्हाई."

गाडीची वेळ झाली होती. सुगत दारात थांबला होता. अव्वा माझा हात सोडेना.