पाणजटेचं वय

शालन खानोलकर तळे-प्रयोगशाळेत सकाळपासून चिखलच चिखल झाला होता. शाळाशाळांचे गट गमबूट घालून तळ्यात माजलेलं पाणजटा नावाचं तण उपटून आणत होते. शिवाय प्रत्येक गटाने आपल्या गावच्या तळ्यातला एक तुकडा बंद बाटलीतून आणला होता. सगळे तुकडे वंशघटिका नावाच्या यंत्राच्या कप्प्यांत ठेवायचे, की पुढचं काम यंत्राचं.

हेरंब खानोलकर दाराशी उभे होते. तण उपटायचं हे शिबिर त्यांच्या बायकोने, शालनने, सुरू केलं आणि पंधरा वर्षं चालवलं. ती गेल्यावर सात वर्षं ते चालवत होते. एकही वर्ष त्यांनी चुकवलं नव्हतं.

"ऐका रे," प्रयोगशाळेच्या डॉ. फर्झाना काझी म्हणाल्या, "पाणजटा आपल्याकडची नाही. इथे तिला बी धरत नाही. नखाएवढा तुकडा तुटला, की त्याचंच नवं झाड. म्हणजे सगळी एकाच आईची. पण पेशी स्वतःची नक्कल करताना बारीक चुका करते, तेही ठरावीक वेगाने. त्या चुका मोजल्या की कळतं, कोण कुणापासून तुटलं आणि कधी."

"म्हणजे आडनाव आणि जन्मतारीख, दोन्ही!" मुलांतली चैताली धुरी म्हणाली. मुलं हसली.

भिंतीवरच्या नकाशावर आधी नाती उमटली. आई याच तळ्यातली. तिथून रेघा निघाल्या आणि एकेका तळ्याला जाऊन मिळाल्या.

"सर, ही तर आपल्याच शिबिराची तळी!" चैताली ओरडली. "जिथे आपण जातो तिथेच रेघ आहे."

पहिल्या वर्षापासून शिबिर बाकीची तळीही साफ करायला जाई, आणि जाळी आणि बूट एकाच जीपमधून या तळ्यावरून त्या तळ्यावर जात. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"उपटायला गेलो आणि लावून आलो," मागून कुणीतरी पुटपुटलं.

फर्झानाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "शालनताईंनी सुरुवात केली तेव्हा एवढं कुणाला माहीत होतं? पहिल्या वर्षांतच झालं असेल."

मुलं हेरंबांकडे बघत होती.

"हो," ते म्हणाले. "तिच्याच वेळी झालं असेल."

बोलल्यावर त्यांना हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं याची लाज वाटली.

मग यंत्राने वयं दाखवायला सुरुवात केली. आई बावीस वर्षांची. पण तिच्यापासून तुटलेली सगळ्यांत जुनी फांदी सात वर्षांची. बाकीच्या सगळ्या त्याहून लहान. शालनच्या पंधरा वर्षांत एकही तुकडा या तळ्याबाहेर गेला नव्हता.

फर्झानाबाईंनी आकडे पुन्हा तपासले. तेच आले.

"सर," चैतालीने विचारलं, "शालनबाई काय वेगळं करायच्या?"

हेरंबांना मान वर करवेना.

"शिबिर संपलं, की ती अंगणात चूल मांडायची. जाळी, बूट, सगळं कढत पाण्यात बुडवून ठेवायची. संध्याकाळ व्हायची. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, 'बूट शिजले का गं? मीठ घालू?' ती गेली आणि पुढच्याच शिबिराला मी ते बंद केलं. लवकर घरी जाता यावं म्हणून." ते थांबले. "लवकर जाऊन घरी काय करणार होतो, कोण जाणे. आणि आत्ता तुमच्यासमोर मी तिच्यावरच ढकललं."

त्या थट्टेला पूर्वी मुलं पोट धरून हसत. आज कुणी हसलं नाही.