एक्केचाळीस टेस्ट फाईली

"आल्याची चहा आणली आहे. चालेल ना?"

नॉटिंगहॅमच्या त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात, तळघरातल्या सर्व्हर रूमच्या दारात, एक उंच सावळा मुलगा दोन कागदी कप घेऊन उभा होता आणि चक्क मराठीत बोलत होता! मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. म्हणजे हे मलाच होतं.

"तू... शॅश?"

"शशिधर. पण हो, शॅश." तो हसला. "आणि तू ऋजुता. मला वाटला तू उंच असशील."

तीन आठवडे रोज सकाळी अकराला मी या माणसाशी फोनवर भांडत होते. अस्सल नॉटिंगहॅमी इंग्रजीत 'इट्स नॉट अस' म्हणणारा आणि फोन ठेवताना तिकडच्या लाडिक बोलीत 'टा-रा, डक', म्हणजे 'बाय, डिअर', म्हणणारा शॅश! तो पन्नाशीचा, टकला, गोरा साहेब असणार हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढे आवाज ऐकता ऐकता टक्कल गेलं, वय उतरलं... गोरेपणा तेवढा राहिला होता. तोही आता गेला.

झालं होतं असं, की आमच्या मँचेस्टरच्या कंपनीनं हे छोटं हॉस्पिटल विकत घेतलं. नवा सर्व्हर आमच्याकडे, जुना इथं. दोघांची डोमेन वेगळी, म्हणजे दोन वेगळी घरं. या घरच्या माणसाला त्या घरात कुणी ओळखत नाही. जुन्या मशीनवर पेशंटच्या डोळ्यांचे पंधरा वर्षांचे फोटो होते. आज शुक्रवार. संध्याकाळी पाचला ते मशीन कायमचं बंद होणार होतं, आणि ते म्हातारं मला काही केल्या दार उघडत नव्हतं. रोज लाल अक्षरांत तेच, ॲक्सेस डिनाइड. शेवटी वैतागून आमच्या मॅनेजर हेलननं मला सकाळच्या ट्रेननं इथं धाडलं.

तपासायला मी रोज दोन-तीन छोट्या टेस्ट फाईली पाठवायचे. माझी स्क्रिप्ट, म्हणजे ही कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, फाईल तिकडच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये टाकायची, मग तो फोल्डर उघडायला जायची आणि लाल अक्षरं घेऊन परत यायची. म्हणजे फाईल पोचलीच नाही, असं मी धरून चालले. लोक अशा फाईलीत नुसतं 'टेस्ट' लिहितात. मी पुण्याची, मला एका शब्दात कुठलं भागायला? मनात येईल ते मराठीत लिहून पाठवायचे. न पोचणाऱ्या फाईली, त्यातून मराठी. वाचणार कोण?

"बस ना," शशिधर म्हणाला, आणि त्यानं जुन्या मशीनच्या स्क्रीनवर तो फोल्डर उघडला.

ऋजुता टेस्ट एक. टेस्ट दोन. टेस्ट तीन... थेट एक्केचाळीसपर्यंत.

मी चहाचा कप बाजूला ठेवला. "या... या इथं आहेत?"

"मग कुठे असतील? पहिल्या दिवसापासून आहेत."

"आणि तू... वाचल्यास?"

"सगळं वाचलं. आई मला रविवारी विहारात न्यायची, तिथं वाचायला शिकलो. बोलायला नाही शिकलो नीट." त्यानं एक फाईल उघडली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागला. "'पलीकडचा शॅश म-हा-ख-डूस आहे. याच्या बायकोचं कसं होत असेल!'" मग अगदी गंभीरपणे, "मला बायको नाही आहे."

धरणीनं पोटात घ्यावं तर तळघराच्या खाली आणखी जागाही नव्हती.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. सहाव्या फाईलीत मी लिहिलं होतं, 'गुड मॉर्निंग म्हणताना याची जीभ झिजते का?' दुसऱ्या दिवसापासून हा न चुकता गुड मॉर्निंग म्हणायला लागला. एकोणिसाव्या फाईलीत, 'बिचाऱ्याला सर्दी झालीये, आल्याचा चहा करून देणारं कुणी आहे का त्याला?' दुसऱ्या दिवशी कॉलवर, काही संबंध नसताना, हा म्हणाला, "आय हॅव हॅड माय जिंजर टी." हेलन गोंधळून म्हणाली, "लव्हली, शॅश."

मला घाम फुटला, आणि घाबरले की मी चिडते. "तीन आठवडे गंमत बघत बसलास? एका शब्दानं सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं ना! पहिल्या दिवशी. ईमेल बघ."

मी फोनवर ती ईमेल काढली. पहिली ओळ 'इट्स नॉट अस'. इतकंच वाचून मी तेव्हा तणतणत ती बंद केली होती. आज पहिल्यांदाच खाली गेले. खाली देवनागरीत होतं— 'तुझी फाईल इथं आली. मी वाचली. मला मराठी येतो. —शशिधर.'

आई मला उगाच उतावळी म्हणत नाही.

मी वर पाहिलं, तर त्याचा चेहरा पार उतरला होता. "म्हणजे... तुला माहीतच नव्हतं? मला वाटला, कॉलवर हेलन असते, म्हणून तू मला असं लिहिते. मी रोज उत्तर पण लिहिलं. त्याच फोल्डरमध्ये."

"अरे, पण मला तो फोल्डर उघडतच नव्हता!"

"पण तुझ्या फाईली येत होत्या ना! मला वाटला, फोल्डर तुला उघडतो. इट्स नॉट—"

"सरक," मी म्हणाले आणि माऊस हातात घेतला. फोल्डरच्या परवानग्यांची यादी उघडली. माझ्या नावापुढे दोन चौकोन होते. 'लिहिणे' वर खूण होती, 'वाचणे' रिकामं. दारावरच्या लेटरबॉक्ससारखं, आत टाकता येतं, डोकावता येत नाही. मी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"इट्स यू."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ओ... सॉरी, डक."

'वाचणे'वरही खूण केली. माझ्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवली आणि... उघडलं! तीन आठवडे अडलेलं दार एका टिचकीत उघडलं. मी घाईघाईनं सगळा फोल्डर मँचेस्टरकडे रवाना केला, आणि मगच श्वास घेतला. फोटोंच्या खाली माझ्या एक्केचाळीस फाईली होत्या, आणि त्यांच्याही खाली, मघाशी न दिसलेल्या, तितक्याच—'उत्तर'.

"नको वाचू," तो हळूच म्हणाला. "तू मला नाही लिहिलं. मग ते उत्तर पण चुकीचं आहे. मी डिलीट करतो."

त्याचा हात कीबोर्डकडे गेला. मी मनगट धरलं. का, ते विचारू नका; धरलं आणि सोडवेना.

"डिलीट करून तर बघ!"

काल दुपारी, रडवेली होऊन, मी शेवटची फाईल पाठवली होती— 'उद्या मशीन बंद. मग सोमवारी अकराला मी कुणाशी भांडू? मला हा आवाज हवाय.' त्या फाईलीचं उत्तर मी उघडलं.

'मी सोमवारी सुट्टी घेतली. अकरा वाजता मँचेस्टर. भांडायला येतो.'

अक्षरं डोळ्यांपुढे पुसट झाली. "शशिधर, मी तुला लिहीत नव्हते हे खरं. पण तुझ्याचबद्दल लिहीत होते रे... आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. खडूस सोडून."

मनगट मात्र त्यानं सोडवून घेतलं नाही.

पाचला पाच कमी असताना हेलनचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"सगळे फोटो पोचले, शाब्बास! पण सोबत ब्याऐंशी मजकुराच्या फाईली कसल्या आल्यात?"

आम्ही दोघं थिजलो. फोल्डर आख्खा पाठवला होता... आख्खा!

"मला वाटलं पेशंटच्या नोंदी असतील," हेलन शांतपणे म्हणाली, "म्हणून मी त्या भाषांतराला घातल्या."

मी डोळे मिटून घेतले.

"सगळ्या वाचल्या?" शशिधरनं कसंबसं विचारलं.

"सगळ्या. शेवटपर्यंत." ती खाकरली. "पेशंटच्या फोटोंत त्या राहू शकत नाहीत. पुसून टाकू की ऋजुताच्या फोल्डरमध्ये ठेवू?"

"ठेव!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"बरं. आणि ऋजुता, सोमवारची तुझी रजा मी टाकलीये."