सावतानगरचा कल

"जुळलं! सर, चौदाच्या चौदा निवडणुका जुळल्या!" डॉ. केतकी आवटी खुर्चीतून उठून उभीच राहिली.

समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर सावतानगर विधानसभा मतदारसंघ झळकत होता. जुनी रेल्वे वसाहत, सिंधी बाजार आणि त्या दोहोंवर सावली धरणारे पन्नास मजली मनोरे. 'लोककल' वृत्तवाहिनीच्या प्रयोगशाळेत केतकीने या मतदारसंघाची 'मतप्रतिमा' तयार केली होती. संगणकात तीन लाख काल्पनिक मतदार राहत होते. प्रत्येकाला वय होतं, वस्ती होती, रागलोभ होते. एखाद्या सालची परिस्थिती पुरवली की ते मतदान करत आणि त्या वर्षीचा खरा निकाल जसाच्या तसा बाहेर येई. कामगार पुढाऱ्याला त्याच्याच वसाहतीने पाडलं ते वर्ष, बाजाराने एका रात्रीत बाजू बदलली ते वर्ष, काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

प्रा. बशीर मुजावर शांतपणे चष्मा पुसत होते. केतकीला गणित त्यांनीच शिकवलं होतं; निवृत्तीनंतर ते वाहिनीचे सल्लागार झाले होते. "जुळलं हे दिसतंय. पण मतदार मत ठरवतो कसं?"

"दोन गोष्टींवरून. एक पसंती, म्हणजे त्याला कोण आवडतो. दुसरा अदमास, म्हणजे कोण निवडून येईल असं त्याला वाटतं. या दोन्हींचा गुणाकार. आवडतो पण येणार नाही, असं वाटलं की मत दुसरीकडे जातं."

"मग अदमास सगळ्या उमेदवारांसाठी सारखा करून बघ."

केतकीने आकडे बदलले. नकाशावर रंगांची लाट उसळली आणि सावतानगरचा इतिहास तिच्या डोळ्यांदेखत पालटला. बहुतेक सगळे आमदार कोसळले. ज्यांची नावंही कुणाला आठवत नव्हती अशी माणसं वर आली. सातव्या निवडणुकीच्या ओळीवर तिची नजर खिळली. विजयी : ब. ह. मुजावर, अपक्ष.

ती सावकाश वळली. "सर, हे तुम्ही?"

"तरुण होतो," ते म्हणाले. "डिपॉझिट गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक रस्त्यात थांबवून सांगायचे, 'मास्तर, माणूस तुम्हीच चांगले, पण येणार नाही म्हणून मत वाया घालवलं नाही.' मला वाटायचं, समजूत काढताहेत. म्हणून राजकारण सोडलं आणि गणिताकडे आलो." ते पडद्याकडे बघत राहिले. "खरंच सांगत होते की काय गं!"

पंधरावी निवडणूक तोंडावर आली होती. वाहिनीच्या संपादक चारुता मोडक यांना भाकीत हवं होतं, तेही जाहीर केल्यावर न चुकणारं. अडचण इथेच होती. भाकीत जाहीर झालं की लोकांचा अदमास बदलतो आणि अदमास बदलला की निकालही बदलतो. म्हणून केतकी असं भाकीत शोधत होती, जे लोकांनी ऐकल्यावरही खरंच ठरेल. तिने त्याला 'स्थिर भाकीत' असं नाव दिलं होतं.

दोन दिवसांनी ते सापडलं. पण एक नाही, तीन सापडली. विद्यमान मंत्री दिगंबर तोरणे जिंकतील असं जाहीर केलं तर तोरणे जिंकत होते. त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी रणधीर घोसाळे जिंकतील म्हटलं तर घोसाळे. आणि वसाहतीत दवाखाना चालवणाऱ्या निवृत्त परिचारिका जयवंता कसबे, ज्यांना कुणी हिशेबातही धरत नव्हतं, त्या जिंकतील असं सांगितलं, तर त्याच!

"मग प्रश्न कुठे आहे?" चारुताबाईंचे डोळे चमकले. "तोरणेंचं दाखवू. खोटं ठरणार नाही, असं तूच म्हणतेस ना?"

"मॅडम, खोटं ठरणार नाही, तोच तर घोटाळा आहे! मग ते भाकीत राहत नाही, नेमणूक होते. तीन लाख लोकांच्या वतीने मी एकटीने केलेली."

"जयवंताबाईंचं दाखवावं असं माझ्या फार मनात येतंय," मुजावर सर मध्येच म्हणाले. "आणि माझ्या मनात येतंय, म्हणूनच ते दाखवू नये."

केतकी खोलीत येरझारा घालू लागली. एकाएकी ती थबकली आणि तिने टाळी वाजवली. "तिन्ही दाखवू या! एकाच वेळी! तिघांपैकी कुणीही येऊ शकतो, हे गणितासकट सांगू. म्हणजे अदमास बांधायला जागाच उरणार नाही. हातात राहील ती फक्त पसंती."

"आणि मग कोण येईल?" चारुताबाईंनी विचारलं.

"ते मी संगणकाला विचारणार नाही. विचारलं तर ते चौथं भाकीत होईल."

चारुताबाई हसल्या. "हे असलं कुणी दाखवलेलं नाही. दाखव!"

त्या संध्याकाळी सावतानगर उकळू लागलं. मनोऱ्यांच्या लिफ्टमध्ये, बाजारातल्या गाद्यांवर, वसाहतीच्या नळावर एकच वाद. कुणीही येऊ शकतो म्हणे, मग आपल्याला नक्की हवाय कोण? लोक एकमेकांना हा प्रश्न विचारत होते आणि उत्तर देताना अडखळत होते. मतदानाच्या दिवशी केतकी स्वतः बटणापुढे उभी राहिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपणही हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता. तिने हवं ते बटण दाबलं.

मतमोजणीला पहिल्या फेरीपासून जयवंता कसबे पुढे होत्या. पाचव्या फेरीला चारुताबाई स्टुडिओत उभं राहून ओरडत होत्या. केतकी मात्र खालच्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती. तिला वाटलं, यंत्रणेत काही बिघाड असावा. अखेरचा निकाल लागला तेव्हा त्या ओळी तशाच होत्या. मंत्री तोरणे आणि घोसाळे, दोघांचीही डिपॉझिटं जप्त झाली होती.

बाहेर गुलाल उधळला जात असताना तिचा फोन वाजला. पलीकडे खुद्द तोरणे होते. आवाजात राग नव्हता. माणूस पार गोंधळलेला होता.

"बाई, तुम्ही यातल्या जाणकार. तीन वेळा मी इथून निवडून आलो. एवढीच माणसं जर माझी, तर मग बाकीची मतं देत होतं कोण?"

केतकीने पडद्यावर घोसाळेंची पसंती पाहिली, मग तोरणेंची; दोन्ही नगण्य होत्या. आणि तिला सगळं लख्ख दिसलं.

"साहेब, घोसाळे येतील म्हणून घाबरलेले लोक."

तोरणेंनी हळूच विचारलं,

"आणि घोसाळेला?"

"तुम्ही याल म्हणून घाबरलेले."