जेलीतली सहावी वाट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे मामा आहेत, आणि थापा मारणं त्यांच्या रक्तात नाही.

वार गुरुवार. वेळ दुपारी तीनची. भुताखेतांची वेळच नव्हे ती.

जागा म्हणजे मामांची टेस्टिंग लॅब. तळघरातली एक लांबलचक खोली. एका टोकाला स्टँडवर घट्ट बसवलेलं पिस्तूल, दुसऱ्या टोकाला टेबल, टेबलामागे वाळूच्या पोत्यांची भिंत.

पिस्तुलाच्या गोळ्या तपासणं हे मामांचं काम. टेबलावर जिलेटिनचा ठोकळा ठेवायचा. उशीएवढा, आरपार दिसणारा. गोळी माणसाच्या अंगात जेवढी शिरते, साधारण तेवढीच त्यात शिरते. आत थांबली तर लॉट, म्हणजे गोळ्यांची ती अख्खी खेप, पास. मागून बाहेर पडली तर नापास, कारण तीच गोळी उद्या चोरातून निघून मागच्या भलत्याच माणसाला लागायची.

"तीस वर्षं जेलीवर गोळ्या झाडतोय, पण एकदाही ओरडली नाही बिचारी," असं मामा हसत सांगायचे.

आता सांगत नाहीत.

या कामात एक नियम आहे. प्रत्येक ठोकळ्यावर आधी एअरगनने एक छर्रा मारायचा. तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास आत गेला की ठोकळा बरोबर. कमी गेला तर जेली घट्ट झालेली असते, आणि घट्ट जेली वाईट गोळीलाही अडवते.

त्या दिवशी साहेबांनी सकाळपासून डोकं खाल्लं होतं. पाच वाजता गाडी येणार, लॉट आज गेलाच पाहिजे. आणि तो जाणार कुठे? मामांच्या मुलीच्याच पोलीस ठाण्यात. ही माझी मामेबहीण, दोन वर्षांपूर्वी पोलिसात लागलेली. मामांचा जीव की प्राण.

तरीही मामांनी छर्रा मारला नाही. सकाळच्या ठोकळ्याचा आकडा सरळ उतरवून काढला.

कॅमेरा सांभाळणारी मुलगी म्हणाली, "काका, छर्रा राहिला."

"अगं, सगळे ठोकळे माझ्याच हातचे आहेत. चल, कॅमेरा लाव."

पाच गोळ्या झाडल्या. पाचही आत थांबल्या. मामांना हायसं वाटलं.

आणि तेवढ्यात... फ्रीजची घरघर थांबली.

धूर ओढणारा पंखाही थांबला.

दिवे मात्र चालू होते.

गोळ्या किती खोल गेल्या ते मोजायला मामा वाकले. ठोकळ्याच्या पुढच्या बाजूला पाच भोकं. आत मात्र वाटा...

सहा.

त्यांनी परत मोजल्या. खाली पडलेली काडतुसांची टरफलं मोजली. पाचच होती.

सहावी वाट पुढून आलेलीच नव्हती. ती मागून शिरली होती, पोत्यांच्या बाजूने. अर्ध्यात येऊन थांबली होती. तिच्या टोकाला गोळी नव्हती.

"माणूस असता तर पाठीत लागली असं म्हटलं असतं," ती मुलगी पुटपुटली.

मामांनी त्या वाटेत बोट घातलं. ठोकळा फ्रीजमधून काढलेला, गारढोण. पण आत...

ऊब होती.

दोघांनी कॅमेऱ्यातलं चित्र मागे नेऊन पाहिलं. पहिल्या गोळीआधी ठोकळा स्वच्छ. मग एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवीनंतर जेली थरथरून शांत झाली.

आणि मग... पुन्हा हादरली.

कुणीही काही झाडलं नव्हतं. मागे पोत्यांशिवाय काही नव्हतं.

ठोकळा हळूच फुगला. बसला. पुन्हा फुगला. पुन्हा बसला.

"जेली आहे, हलायचीच," मामा म्हणाले.

"काका, अशी नाही हलत."

थोड्या वेळाने ती हालचाल मंद झाली. मग एकदम थांबली.

मामांनी एअरगन उचलली. छर्रा जेमतेम सहा सेंटिमीटर गेला. जेली घट्ट होती. त्यांनी नवा ठोकळा काढला, छर्रा मारून नीट तपासला आणि त्याच लॉटच्या पाच गोळ्या झाडल्या.

पाचही पोत्यांत जाऊन रुतल्या.

लॉट नापास. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. पोरीच्या हातून होणारा अनर्थ टळला होता.

घरी येऊन त्यांनी तिला फोन केला.

"बाबा, नव्या गोळ्या आल्याच नाहीत. जुन्याच वापरा म्हणालेत."

"जुन्या कुठल्या? डब्यावरचा नंबर वाच बघू."

तिने वाचला. मामांनी तो लगेच ओळखला. तो लॉटही त्यांनीच पास केला होता. आणि छर्रा न मारता आकडा उतरवण्याची सवय काही आजची नव्हती.

"त्यातली एखादी झाडलीस का गं?"

"एकच. मागच्या महिन्यात नाही का, तो चोर पळत होता. पायावर मारली."

"गोळी पायात सापडली?"

"नाही, आरपार गेली. खूप शोधली आम्ही."

"मागे काय होतं?"

"एक घर. पण बंद होतं, बाबा. दाराला कुलूप होतं."

"आणि खिडकी?"



"...उघडी होती."

त्याच संध्याकाळी मामांनी साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं. जुन्या गोळ्या परत मागवल्या गेल्या. मामांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मामेबहिणीने रीतसर परवानगी काढून ते कुलूप उघडवलं. मामाही गेले होते.

आत कुणी नव्हतं, खिडकीकडे पाठ केलेली एक रिकामी खुर्ची होती, एवढंच दोघं सांगतात. गोळीचं विचारलं की उठून जातात.

मी परवाच त्यांच्याकडे जाऊन आलो. मामी दबक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या लक्षात आलं का रे? त्या दिवसापासून बापलेक दोघंही खिडकीकडे पाठ करून बसत नाहीत."

मी खिडकीकडे पाठ करूनच बसलो होतो. खुर्ची बदलली.