समोरच्या दाराची बेल

समोरच्या दाराची बेल वाजली, तेच मला पहिल्यांदा खटकलं. वाळवंटातल्या आमच्या लागुना व्हिस्टा वस्तीत त्या दाराने कुणी येत नाही. गाडी थेट गॅरेजात शिरते आणि माणूस आतल्या आत घरात. बेल वाजवतो तो परका, आणि परक्याला दार उघडायचं नाही, हे वस्तीच्या ग्रुपवर ठरलेलं.

भर दुपार होती. बहुतेक सगळे कामाला फिनिक्सला गेलेले, आईसुद्धा. फोनवर बेलमधला कॅमेरा पाहिला. पायरी रिकामी. फरशीवर मात्र ओली पावलं, दारापर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती.

आईला फोन केला. "भित्री भागूबाई," ती हसली. "कॉलेजात हेच शिकलीस का? बागेच्या नळाचं पाणी असेल. दार उघडू नकोस."

मी उघडलं. घाबरले होते, तरी रागाने उघडलं.

गेल्या जूनमध्ये मी कॉलेजात असताना एउलालिओ नावाचा कौलं बसवणारा याच रस्त्यावर दारोदार बेल वाजवत, पाणी मागत फिरला होता. सगळ्यांनी त्याला आपापल्या फोनवर पाहिलं. समोरच्या डार्लीनबाईंनी ग्रुपवर लिहिलं, दारूडा दिसतोय, सांभाळा. आईने त्या मेसेजला पसंतीचा अंगठा दिला. आमच्याच पायरीवर उन्हाने त्याचा जीव गेला. आपल्यासारखं स्पॅनिश बोलत होता ना, असं मी आईला विचारलं, तर म्हणाली, कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवला होता.

बाहेर डांबर वितळल्याचा वास होता. वाकून ओल्या ठशाला बोट लावलं. गारेगार... अशा उन्हात पाणी क्षणभरही टिकत नाही. मागे दार आपटलं. कुलूप आपोआप लागलं. फोन आत, मी अनवाणी.

फरशीचे चटके खात डार्लीनबाईंकडे धावले. बेलभोवती निळा उजेड फिरू लागला, म्हणजे कुणीतरी मला फोनवर बघत होतं.

"मी येसेनिया, समोरची... पाणी द्या."

वरचा पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला.

पुढचं घर. त्याच्या पुढचं. सगळीकडे तोच निळा उजेड. "बघताय ना?" मी एका कॅमेऱ्यावर ओरडले. "बघा नीट. ग्रुपवर टाका." पुढच्या शिव्या जिभेवरच सुकल्या. तळव्यांना फोड आले होते, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते.

उरली आमचीच बेल. ती आईच्या फोनवर वाजते. कशीबशी पायरीपाशी आले. ठसे अजून ओलेच होते, आणि आता शेवटच्या पावलाचा अर्धा ठसा बंद दाराखाली गेलेला होता.

बेल दाबली. "आई... मी आहे. आवाज चालू कर."

उजेड फिरत राहिला. मग खट् झालं. आधी ऐकू आला आमच्या स्वयंपाकघरातला नळ, मग ग्लास भरल्याचा आवाज, मग कुणीतरी घोट घोट पाणी प्यायलं... सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

"परक्याला दार उघडत नाही आम्ही, पोरी," आपल्या स्पॅनिशमध्ये एक पुरुष म्हणाला.